किती चालता?

माझ्या घरी रापी आली ती कुरियरने. फोमच्या खोबणीत बसवलेली, पात्यावर प्लास्टिकची टोपी चढवलेली. खोक्यावर तिचं नाव ‘स्कायव्हिंग नाइफ’ असं छापलेलं होतं आणि मीही तिला त्याच नावाने ओळखत होतो. सोबत दोन बोथट सुया, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, चार-चार मिलिमीटरवर भोकं पाडणारं काट्यासारखं अवजार, लाकडी हातोडा, कडा घासायचं गोल लाकूड आणि तळहाताएवढे कातड्याचे तीन तुकडे. सगळं मिळून अडीच हजार रुपये. नालासोपारा पश्चिमेच्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये मी हा संसार मांडला तेव्हा आई एवढंच म्हणाली, ‘‘ते कातडं देवाच्या कोपऱ्यापासून लांब ठेव हो.’’

मी हसलो. तिचं वय झालं, असं मनाशी म्हटलं. जातपात मी मानत नाही, हे आजवर इतक्या वेळा सांगून झालं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

छंद लागला तो विरार गाडीत. लोअर परळला ऑफिस. रोज जाऊन-येऊन अडीच तास दाराजवळ उभा. एका हाताने कडी, दुसऱ्या हातात मोबाइल. त्यात एकदा एका जपानी कारागिराचा व्हिडिओ लागला. माणूस एक शब्द बोलत नव्हता. चामडं कापत होता, कड तासत होता, एक-एक टाका घालत होता. चौदा मिनिटांत पाकीट तयार. भोवती माणसं एकमेकांच्या खांद्यावर घाम पुसत होती आणि मला त्या मुक्या खोलीचा हेवा वाटत होता. मग तसले व्हिडिओ रोजचेच झाले. इटली, जपान, अमेरिकेतले खोगीर शिवणारे. माझं मत पक्कं झालं, की ही कला तिकडची. आपल्याकडे काय, नुसती दुरुस्ती.

हे मत होतं तेव्हाही रोज सकाळी मी एका कारागिराच्या समोरून जात होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका औषधाच्या दुकानाच्या पायरीशी मामा बसतात. सरकारी कागदावर या माणसांना ‘गटई कामगार’ म्हणतात. त्यांच्यासाठी पत्र्याच्या स्टॉलची योजनाही आहे. मामांकडे स्टॉल नाही, काळी छत्री आहे. समोर लोखंडी ऐरण, पाण्याचं भांडं, आरी, दोऱ्याचे गुंडे आणि गुडघ्याखाली ठेवलेली रापी. मूळचे सातारकडचे. आख्खा पश्चिम भाग त्यांना मामा म्हणतो आणि कोणीही त्यांच्याकडे बघत नाही. सगळे आपापल्या चपलेकडे बघतात.

आता कबूल करायची गोष्ट. रापी घरी येण्याआधीच्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या बुटाचा तळ सुटला. गाडी सहा मिनिटांवर. बूट मामांच्या हातात दिला, तर ते तो उलटा करून बघत बसले. ‘‘किती चालता? उजव्यापेक्षा डाव्यावर भार जास्त हाय. बाहेरून झिजलाय. कुठं उभं राहता जास्त? रात्री बूट वाळत टाकता का पिशवीत?’’ माझं लक्ष घड्याळाकडे. मी म्हणालो, ‘‘मामा, चांभारचौकश्या नकोत. पटकन शिवून द्या.’’

‘द्या’ म्हणालो, ‘दे’ नाही. तेवढी सभ्यता पाळली. मामांनी मान खाली घातली, बूट शिवला, वीस रुपये घेतले. मी गाडी पकडली. त्या दिवशी मला काहीही टोचलं नाही. पुढे दोन-तीनदा गेलो तेव्हा मामा काही विचारेनासे झाले होते, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. काम लवकर होतंय म्हणून बरंच वाटलं.

किट आल्यावर पहिल्या रविवारी कार्ड ठेवायचं पाकीट करायला घेतलं. वाचून सगळं पाठ होतं. हाताने शिवायची खोगीर-शिवण म्हणजे एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार, एक इकडून, एक तिकडून. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. खोगीर-शिवणीत एक तुटला तरी दुसरा दोरा त्याच भोकात धरून ठेवतो. दोरा शिवणीच्या साधारण चौपट घ्यायचा. हे सगळं मला तोंडपाठ, पण हातपाठ काहीच नाही. दुसऱ्या सुईने पहिला दोराच भोसकला. टाके दुधाच्या दातांसारखे वेडेवाकडे आले. कड तासायला गेलो तर पातं चामड्यावरून घसरलं आणि डाव्या अंगठ्यात घुसलं. तीन रविवार गेले. तीनही तुकडे संपले. चौथ्या रविवारी सकाळी ते खोकं घेऊन मी मामांसमोर जाऊन उभा राहिलो. दुसरं कोणी मला माहीत नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण. त्यात आदर वगैरे काही नव्हता.

मामांनी टोपी काढून पातं नखावर टेकवलं. ‘‘रापी हाय की ही,’’ ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. ‘‘पर हिनं लोणी कापंल, कातडं न्हाई.’’

मग त्यांनी ती पथरीवर पाणी टाकून घासली. बराच वेळ. शेवटी मांडीवरच्या कातड्याच्या पट्टीवर उलटसुलट ओढली, न्हावी वस्तरा परजतो तशी. एका टाकाऊ तुकड्याची कड त्यांनी तासली ती कांद्याच्या पातीइतकी पातळ निघाली. रापी ढकलायची की ओढायची हा माझा प्रश्न त्यांना कळलाच नाही. ‘‘ती जातीया, आपण नुसतं धरायचं,’’ म्हणाले. पुढे कळलं की बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात कापतो. धारेचं पातं जास्त सुरक्षित. कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं हे, पण मी पहिलं पान सोडून थेट पाकिटाच्या पानावर गेलो होतो.

माझं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी ताणलं, तर ते रबरासारखं लांबलं. ‘‘पोटाचं हाय.’’ जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल. पट्टा करायचा तर पाठीचाच आणि कण्याला समांतर कापलेला, नाहीतर महिन्याभरात तो लांबून भोकं बदलावी लागतात. तुकडे विकत घेणाऱ्याला पाठ कुठली, पोट कुठलं, दिसत नाही. त्यासाठी आख्खं कातडं एकदा तरी जमिनीवर पसरून बघावं लागतं. मान, पाठ, बगला, गोचिडाचे डाग, कुंपणाच्या तारेने ओरखडलेली जागा. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की ही वस्तू कोणाच्या तरी अंगावर होती.

मग मामांनी विचारलं, ‘‘कशाला करताय हे?’’

‘‘पाकीट हवंय.’’

‘‘कुठल्या खिशात ठेवणार? म्होरल्या का मागल्या? बसून काम का उभ्यानं? घाम येतो? किती कागद ठेवता?’’

माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मी पाकीट चित्रावरून करत होतो. त्यांचे प्रश्न मात्र खिशातून येत होते, खिशाच्या मालकाच्या बैठकीतून, त्याच्या घामातून. मागच्या खिशातलं पाकीट बसल्यावर वाकतं, म्हणून घडीची जागा तासायची. घाम येणाऱ्याला आत अस्तर नको, ते आधी कुजतं. पुढच्या खिशात ठेवणाऱ्याला कोपरे गोल हवेत. आणि तेव्हा, त्या पायरीशी उकिडवा बसलेलो असताना, मला माझं सहा महिन्यांपूर्वीचं वाक्य ऐकू आलं. चांभारचौकश्या नकोत.

कोश उघडला तर अर्थ सापडतो: नसत्या, निरर्थक चौकश्या. घरात, शाळेत, ऑफिसात मी तो शब्द हजारदा ऐकला आणि वापरला असेल. त्यात जात आहे हे कानाला कधी ऐकूच आलं नव्हतं, जसं ‘ताटवाटी’त ताट ऐकू येत नाही. पण ज्याचं नाव घेऊन आपण निरर्थक प्रश्नांना हिणवतो, त्याचे प्रश्न मला दिसले ते असे. पायाचं माप, चालण्याची तऱ्हा, झिजेची बाजू. एकही नसता नाही. डॉक्टरने तेच विचारलं तर आपण त्याला ‘हिस्ट्री घेणं’ म्हणतो आणि वर पाचशे रुपये देतो.

गंमत अशी, की कृतज्ञतेची परिसीमा सांगायची तर हीच भाषा त्याच कारागिराकडे जाते. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत,’ असं आपण सहज म्हणून जातो. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात हरळय्या आणि कल्याणम्मा या चर्मकार जोडप्याने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे त्यांच्यासाठी केले, अशी कथा लिंगायत परंपरेत सांगतात. ते कल्याण म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच. उपकार मोजायला जोडा चालतो. जोडा करणारा प्रश्न विचारायला लागला की मात्र घाई होते.

त्यानंतर मी मामांकडे दर रविवारी जायला लागलो आणि इथे दुसरी चूक केली. पहिल्या दोन खेपांना त्यांचा अर्धा-अर्धा तास फुकट खाल्ला. मला शिकवताना तीन गिऱ्हाइकं पुढे निघून गेली, ती मला दिसली नाहीत, मामांना दिसली. मग दुपारचे दोन तास आणि तीनशे रुपये ठरले. आधी ‘‘कशाला, कशाला’’ झालं. मग त्यांनी घडी करून खिशात ठेवले.

कातडं आणायला धारावी गाठावी लागते. विरार फास्ट माहीमला थांबत नाही. वांद्र्याला उतरून स्लो पकडायची आणि माहीमला पूर्वेकडे बाहेर पडायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी इथे टॅनऱ्या वसवल्या. कातडं कमावण्याचं ते काम आता तिथून जवळजवळ उठलं आहे, पण तयार मालाचा बाजार आहे. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून इथल्या धंद्याची मदार मुख्यतः म्हशीच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर. माल चौरस फुटावर विकतात. पाकिटाला एक ते दीड मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला तीन ते चार लागते. क्रोमवर कमावलेलं कातडं मऊ, रंगीत आणि स्वस्त. जगातला बहुतेक माल तोच, कारण क्रोमने दिवसा-दोन दिवसांत होणारं काम झाडाच्या सालीने करायला आठवडे लागतात. पण कड घासून चकचकीत करायची, ठसा उठवायचा, तर सालीवर कमावलेलंच हवं. कोल्हापुरीचं कातडं असंच, बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं. पाणी लावून लाकडाने घासलं की त्याची कड आरशासारखी होते. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘छान,’’ आणि कूस वळवली.

हौशी माणसासाठी नालासोपाऱ्याचा सल्ला मात्र कुठल्याच जपानी व्हिडिओत नाही. जुलैत इथे गल्लीत गुडघाभर पाणी असतं आणि हवा ओल्या फडक्यासारखी. कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या माझ्या दोन हजारांच्या कातड्यावर पंधरा दिवसांत हिरवी बुरशी चढली. मामा म्हणाले, ‘‘त्येला बी श्वास लागतो.’’ जुन्या सुती साडीत गुंडाळायचं, उंचावर ठेवायचं, अधूनमधून उलगडून सावलीत वाऱ्याला लावायचं. साडी आईने दिली. कुठल्या खोलीत ठेवणार, हे यावेळी तिने विचारलं नाही. तिचं मन बदललं की नुसती सवय झाली, मला सांगता येणार नाही.

माझं स्वतःचं सांगता येईल. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर आगडोंब उसळला. कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे तिचे हक्कदार. मीही तावातावाने लिहिलं, ‘आपली कला मरते आहे आणि परके तिच्यावर पैसे करताहेत.’ त्या रविवारी हेच मामांना ऐकवलं आणि वर म्हणालो, ‘‘मामा, तुमच्या मुलाला तरी हे शिकवायला हवं होतं.’’

मामा आरीला मेण लावत होते. थांबले नाहीत. ‘‘मी त्येच्या हातात रापी दिलीच न्हाई. एकदा खेळायला घेतली तर फटका दिला. त्यो पार्सलच्या गोदामात हाय. एसीत बसतो. लोकं त्याला नावानं हाक मारत्यात.’’

मी ऐकत राहिलो. गावगाड्यात ढोर समाजाने कातडं कमवायचं, चांभाराने शिवायचं, हे काम कोणी आवडीने निवडलेलं नव्हतं. ते नावाला चिकटून आलेलं होतं, आणि सोडायचं ठरवलं तर गाव सोडावं लागत होतं. त्या माणसाने मुलाच्या हातून रापी काढून घेतली ही माझ्या लेखी कलेची हानी होती. त्याच्या लेखी ती आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई होती. आणि माझ्या हातात ती कुरियरने आली. नकोशी झाली तर माळ्यावर टाकता येईल, कोणी मला तिच्या नावाने ओळखणार नाही. मी तिला छंद म्हणू शकतो तो एवढ्याचसाठी. तेव्हापासून ‘कला मरते आहे’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मरू नये असं वाटतं अजूनही. पण ती जगवण्याची जबाबदारी मामांच्या पोरावर टाकायचा मला काय अधिकार?

त्याच दुपारी पाय मोकळे करायला सोपारा गावाकडे गेलो. तिथला स्तूप दोन-चारदाच पाहिला असेन, पाहुणे आले तरच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तोवर लोक त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. बांबूच्या टोपल्या विणणारा राजा! आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, सगळ्यांत आत सोन्याचा. आणि सोन्याच्या आत मातीच्या भांड्याची बारीक खापरं, बुद्धाच्या भिक्षापात्राची मानलेली. इतक्या कारागिरांनी मिळून जपलं काय, तर कुंभाराचं काम.

याच गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला, तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आठवा लेख सांगतो तो असा, की पूर्वीचे राजे मौजेसाठी विहारयात्रांना जात, शिकार करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, लोकांना भेटणं, त्यांना विचारणं. म्हणजे राजाने छंद बदलला आणि ते दगडावर कोरून ठेवलं. जनावरामागे धावायचं सोडून माणसांची विचारपूस करायला लागला. माझा छंद जनावराच्या कातडीपासून सुरू झाला होता.

मामांची माफी मागायला मला आणखी तीन रविवार लागले. चहा आणून दिला आणि एकदाचं सांगून टाकलं, तो पावसाळा, तो बूट, तो शब्द. वाटलं होतं ते ‘आठवत न्हाई’ म्हणतील, म्हणजे मी सुटेन. मामा म्हणाले, ‘‘आठवतंय. लई जण म्हंत्यात. तुम्ही पैसं तरी दिलं.’’ आणि चहा संपवला. हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. नाही वाटलं. पण पुढच्या खेपेला माझा बूट हातात घेतल्यावर ते म्हणाले, ‘‘अजून दारातच उभं राहता व्हय?’’ ते पुन्हा विचारायला लागले होते.

आता माझे टाके सरळ येतात, बहुधा. परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने पाकीट करून मागितलं. मी विचारलं, खिसा कुठला, कार्डं किती, गाडीत बसतोस की उभा? तो हसून म्हणाला, ‘‘अरे, किती चांभारचौकश्या करतोस!’’

क्षणभर तो शब्द शाबासकीसारखा कानाला लागला. लगेच लक्षात आलं, मला तो हसत मिळाला, संध्याकाळी ऑफिसातच सोडून घरी जाता येतो. मी म्हणालो, ‘‘तो शब्द राहू दे. उत्तर सांग.’’

‘‘उभाच. विरार गाडीत बसायला कुठे मिळतं?’’

त्या रविवारी मामांना यातलं काही सांगितलं नाही. माप सांगितलं. पुढचा खिसा, चार कार्डं, उभ्याचं काम, घाम भरपूर. मामांनी कातड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘डावा हात वापरतो का उजवा?’’

ते विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं.